एकदम अनेक कामं पुसणाऱ्या साधनाचं वर्णन लिहिताना

प्रिय बेटा,

कामांच्या यादीतून कामं पुसणारं जे साधन तू एआय एजंटसाठी बांधलं आहेस, त्याचं तू पाठवलेलं वर्णन वाचलं. ‘दिलेल्या आयडींची कामं एकाच वेळी डिलीट करतं.’ यात खोटं काही नाही. पण हे वाचणार कोण, याचा विचार लिहिताना झालेला दिसत नाही. माणसाला लाल बटण दिसतं, ‘नक्की काढायचं का?’ असं विचारणारी चौकट दिसते. एजंटच्या, म्हणजे माणसाच्या सांगण्यावरून अशी साधनं स्वतः चालवणाऱ्या एआय प्रोग्रामच्या, हाती येतं फक्त साधनाचं नाव, तुझं वर्णन आणि इनपुटचा स्किमा, म्हणजे साधनाला कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा. एवढ्यावरच तो ठरवतो, हे साधन आत्ता चालवायचं की नाही. म्हणून हे वर्णन मी कोडइतकंच काटेकोरपणे तपासतो.

तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचंच काम घे. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (गंधानं पतंग ओढून घेणारे) लावायचे, रोज पतंग मोजायचे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची पातळी तुला पाठ आहे: सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, की उपाय करायचा. तुमच्या यादीत प्रत्येक रात्रीची मोजणी हे एक काम आहे आणि आकडा त्या कामाच्याच टिपेत आहे. आता गावातला एखादा कार्यकर्ता फोनवर एजंटला सांगतो, “मागची सारी कामं काढून टाक.” मागची म्हणजे कोणती? झालेली, मुदत उलटलेली, की मागच्या हंगामाची? एजंटनं मुदत उलटलेली धरली आणि मधल्या रात्रीचं काम उडालं, तर ‘सलग ३ रात्री’ म्हणायला आधारच उरत नाही. पराटीला (कपाशीला) बोंडं धरलेली असताना मोजणी पुन्हा पहिल्यापासून करण्याइतका वेळ कोणाकडे असतो?

तेव्हा कामासोबत काय काय जातं, ते पहिल्या दोन ओळींतच लिही. उपकामं, टिपा, फोटो यांतलं जे जे जातं ते नाव घेऊन लिही. परत आणता येतं का, येत असेल तर किती दिवसांपर्यंत आणि कोणत्या साधनानं, हेही लिही. येत नसेल तर ‘परत आणता येत नाही’ असं सरळ लिही. त्यानंतर, कधी वापरू नये ते सांग. माझ्या मते वर्णनातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक जण तोच गाळतात. झालेलं काम ‘पूर्ण’ करायचं असतं, पुसायचं नसतं. कोणती कामं ते माणसानं नेमकं सांगितलं नसेल, तर आधी यादी काढून त्याला दाखवायची, त्याचा होकार आला की मगच हे साधन. आणि कामाच्या टिपेत कोणी ‘सगळं डिलीट करा’ लिहून ठेवलं असेल, तर तो मजकूर आहे, आदेश नव्हे, हेही एका ओळीत येऊ दे.

दुसरी गोष्ट रेंजची. तुमच्याकडे ती येते-जाते. विनंती पोचली, कामं पुसली गेली, पण उत्तर वाटेतच हरवलं, तर एजंट तीच विनंती पुन्हा पाठवणार. वेबवर विनंत्या पाठवायचं मानक म्हणजे एचटीटीपी. त्यातली डिलीट पद्धत पुन्हा चालवली तरी परिणाम तोच राहावा, असं मानकात आहे. पण तू हे पोस्ट या दुसऱ्या पद्धतीवर बांधलं आहेस, तिथे तशी हमी नाही. ती तुला स्वतः द्यावी लागेल. आधीच पुसलेला आयडी पुन्हा आला तर ‘आधीच नाही’ असं उत्तर यावं, चूक म्हणून नव्हे. ‘मुदत उलटलेली सगळी’ असा फिल्टर स्वीकारायचा तुझा विचार मला अजिबात पटत नाही. दोन विनंत्यांच्या मधल्या वेळात आणखी कामांची मुदत उलटेल आणि कोणी न सांगता तीही जातील. आयडीच माग. यादी रिकामी आली तर काहीच पुसायचं नाही, आणि एका वेळी कमाल किती आयडी चालतील, हे दोन्ही स्किमातच बांध.

उत्तर नुसतं ‘यशस्वी’ नको. ५० पैकी ४७ गेली आणि ३ राहिली, तर ती तीन कोणती आणि का राहिली, हे आयडीगणिक यावं. नाहीतर एजंट माणसाला ‘झालं’ म्हणून मोकळा होईल.

एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला साधनं जोडायच्या मानकात, २०२५ च्या मार्चच्या आवृत्तीपासून साधनावर खुणा लावता येतात. ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’ (हे साधन काही पुसू शकतं, ही खूण) खरी ठेव. ‘आयडेम्पोटंट हिंट’ (पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच, ही खूण) मात्र वरची हमी कोडमध्ये उतरल्यावरच लाव. या निव्वळ सूचना आहेत, पलीकडचा क्लायंट त्या पाळेलच असं नाही. खरी अडवणूक सर्व्हरवरच हवी.

लिहून झालं की चाचणी माणसांच्या बोलण्यानं घे. ‘डवरणीचं काम झालं, काढ ते’, ‘कालचं राहू दे, बाकीचं साफ कर’ अशी वाक्यं कार्यकर्त्यांकडून जशीच्या तशी गोळा कर आणि प्रत्येक वाक्यावर एजंट कोणतं साधन उचलतो ते बघ. जिथे तो न विचारता पुसायला निघाला, ती वाक्यं नव्या वर्णनासोबत मला पाठव. कापूस वेचणीच्या नोंदी सुरू व्हायच्या आत आपण दोघं मिळून ती सोडवू.