"आमच्या आवडीच जुळत नाहीत, मॅडम"

लग्नाला तीन-चार वर्षं झालेलं जोडपं समोर येऊन बसलं की सासू-सासरे, पैसे, मूल यांपैकी काहीतरी निघणार, अशी माझी तयारी असते. अलीकडे मात्र पहिल्या दहा मिनिटांत दुसरंच ऐकू येतं. त्याला ट्रेक हवा, मला नाटक. तिला माणसं लागतात, मला शांतता. आणि मग जरा घाबऱ्या आवाजात, "आमच्यात सारखं असं काहीच नाही हो. पुढे कसं होणार?" विचारणारे पुण्याचे असतात, नाशिकचे असतात, आणि व्हिडिओ कॉलवर कॅनडातलेही असतात. त्यातल्याच एका जोडीबद्दल सांगते. त्यांना मृदुला आणि ओंकार म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला दोघांचा होकार आहे.

दोघं टोरांटोत नोकरी करतात. माझे सकाळचे साडेसात वाजलेले असायचे आणि त्यांच्याकडे रात्रीचे नऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर मांडलं ते माँट्रियलच्या सहलीचं भांडण.

वर्षभर दोघांत कुरबुर चाललेली. ती मिटावी म्हणून जानेवारीत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढली आणि रेल्वेनं पाचेक तासांवरच्या माँट्रियलला गेले. न्याय व्हावा म्हणून दिवसाची वाटणी केली होती: सकाळ तिची, संध्याकाळ त्याची. तिला खाण्याचं वेड. कुठलाही पदार्थ कुणी, कधी, का केला याचा माग काढत जाणारी मुलगी. माँट्रियलचा बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, मध घातलेल्या पाण्यात उकळून मग लाकडाच्या भट्टीत भाजतात. त्याची एक बेकरी १९१९ची आणि दुसरी, तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, १९५७ची. या दोन्हींतला फरक तिला चाखायचा होता. ओंकारला आइस हॉकीचं वेड. एकवीस हजारांहून जास्त प्रेक्षक बसतील अशा बेल सेंटरमध्ये माँट्रियल कॅनेडियन्स विरुद्ध टोरांटो मेपल लीफ्स, शनिवारची रात्र, आणि हा लीफ्सचा चाहता.

झालं काय, तर उणे अठरात रांगेत उभं राहून मिळालेला गरम, तिळाचा बेगल ओंकारनं फोन बघत खाल्ला आणि म्हणाला, "पावासारखाच आहे की." संध्याकाळी दुसऱ्या मध्यंतरात मृदुलानं विचारलं, "अजून किती आहे?" परतीच्या गाडीत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

माझ्या कामाची बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर आहे, हे मी लपवत नाही. आपल्याला त्रास घटनेनं होतो त्याहून जास्त त्या घटनेचा आपण जो अर्थ लावतो त्यानं होतो, असं ते मांडतात. म्हणून मी बेगलपाशीच थांबले.

"त्याला बेगल आवडला नाही. बरं. मग?"

"मग काय मॅडम? मी किती हौसेनं नेलं होतं!"

"हो. मग?"

"म्हणजे त्याला माझ्या हौसेची किंमत नाही."

"आणि किंमत नसेल तर?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तर या लग्नात मी एकटीच आहे."

ओंकार चमकून तिच्याकडे बघायला लागला. पाव म्हटल्यावर बायको दोन दिवस गप्प राहते हे त्याला माहीत होतं. त्या पावावर तिनं अख्ख्या लग्नाचा निकाल टांगून ठेवला होता, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

त्याचीही गत वेगळी नव्हती. सकाळी रांगेत काढलेला वेळ त्यानं मनात मांडून ठेवला होता, आणि "अजून किती" ऐकल्यावर त्याला वाटलं, मी सोसलं, हिला सोसवत नाही. मी त्याला विचारलं, "तुमचा संघ शेवटचा स्टॅनली कप कधी जिंकला?" तो हसला. "१९६७." ज्या संघानं याच्या जन्माआधीपासून चषक पाहिलेला नाही, त्याच्यासाठी दर हिवाळ्यात आशेनं बसणारा हा माणूस! बायकोला मात्र पहिल्या एका सामन्याचीसुद्धा मुदत द्यायला तयार नव्हता. हे मी बोलून दाखवलं. त्याला ते झोंबलं, पण पटलंही.

मग बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली, आणि माझ्या मते सगळी केस तिथेच वळली. मी सहज विचारलं होतं, "तू सांगलीचा. क्रिकेट सोडून हॉकी कुठून शिरली?"

तो म्हणाला, "शिकायला आलो तेव्हाचा पहिला हिवाळा. पाचलाच अंधार पडायचा, ओळखीचं कुणी नाही. घरातली बाकीची मुलं शनिवारी रात्री मॅच लावायची. त्यांनी मला सोफ्यावर जागा करून दिली. मला काही कळत नव्हतं, पण समजावून सांगताना हसलं नाही कुणी."

मृदुला म्हणाली, "हे मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

असं उत्तर आलं की एरवी भांडण ठरलेलं. अशा जागी समुपदेशकाला मध्ये पडायचा मोह होतो. दोघांची बाजू समजावून सांगावी, वातावरण निवळवावं असं वाटतं. मी गप्प बसले. इतक्या वर्षांत एवढं नक्की जमायला लागलंय, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. मिनिटभरानं मृदुलानंच विचारलं, "बरं, ते ऑफसाइड म्हणजे नक्की काय असतं?"

ओंकार उठून मसाल्याचा डबा घेऊन आला. टेबलावर वाट्या मांडल्या. हळदीची वाटी गोलकीपर, मोहरी आणि जिरं हल्ला करणारे, चमचा म्हणजे निळी रेघ, आणि पक, म्हणजे खेळातली चकती, म्हणून एक लवंग. "लवंग रेघ ओलांडून आत गेल्याशिवाय जिऱ्यानं आत शिरायचं नाही."

"पण आधीच जाऊन गोलजवळ उभं राहिलं तर सोपं नाही का?"

"म्हणूनच तर नियम आहे!"

दोघं इतके हसले की हळद सांडली. सेशनची वेळ संपली होती आणि मला पुढचं सेशन होतं, तरी मी कॉल बंद केला नाही. त्या रात्रीनंतरही मृदुलाला हॉकी आवडायला लागली नाही. आजही फारशी आवडत नाही. पण तिनं खेळाबद्दल विचारायच्या निमित्तानं नवऱ्याबद्दल विचारलं होतं, आणि तो तिला उत्तर देत होता.

पुढच्या हिवाळ्यात ते परत माँट्रियलला निघाले तेव्हा मी एक गृहपाठ दिला. "आवडलं का?" हा प्रश्न दोन दिवस बंद. ज्याच्या आवडीच्या ठिकाणी गेलोय त्यानं जोडीदाराच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. सोबत आलेल्यानं खरोखर जाणून घ्यावासा वाटेल असा एक तरी प्रश्न विचारायचा. कंटाळा आला तर उठून जायची मुभा, आणि त्याचा खुलासा मागायचा नाही. सकाळ तुझी, संध्याकाळ माझी ही वाटणी पूर्ण रद्द.

यावेळी मृदुला जाँ-तालों बाजारात एकटी भटकली आणि ओंकार हॉटेलवर झोपला. कुणाचाही अपमान झाला नाही. पूटीन खायला मात्र दोघं मिळून गेले. तळलेले बटाटे, वर चीजच्या गाठी आणि गरम ग्रेव्ही असा तो पदार्थ. मृदुला शाकाहारी आहे आणि ती ग्रेव्ही बऱ्याचदा मांसाच्या रसाची असते, म्हणून ओंकारनं काउंटरवर आधीच चौकशी करून ठेवली होती. खाताना त्यानं विचारलं, "हे चीज दाताखाली करकरतं का गं?" ताज्या गाठी तशाच लागतात, एक-दोन दिवसांत ती करकर जाते, हे तिनं त्याला सांगितलं. त्यानं पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. मला हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मॅचला ती मुद्दाम उशिरा, भुयारी वाटांनी मेट्रोतून थेट स्टेडियमात पोचली. मध्यंतरात बर्फावर पाणी सोडत फिरणारं यंत्र बघून तिनं विचारलं, "यात गरम पाणी का घालतात?" ओंकारला माहीत नव्हतं. दोघांनी शोधलं. गरम पाण्यानं वरचा खरबरीत थर थोडा वितळतो आणि गोठताना गुळगुळीत होतो. "दहा वर्षं बघतोय, मला कधी हा प्रश्नच पडला नाही," असं त्यानं मला जवळजवळ कौतुकानं सांगितलं. कोण जिंकलं हेही त्यानं बराच वेळ सांगितलं. ते मी विसरले.

आता तुमच्यासाठी. जोडीदाराला आपली आवड आवडावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ती आवडली नाही तर थोडं वाईटही वाटेल, वाटू द्या. "आवडली नाही म्हणजे त्याचं माझ्यावर प्रेम नाही" या पायरीवर मात्र थांबा आणि स्वतःला पुरावा मागा. सहसा तो मिळत नाही.

सहलीवर वर्षभराच्या दुरुस्तीचा भार टाकू नका. भांडण मिटवायला निघालेली माणसं प्रत्येक घासाला आणि प्रत्येक शांततेला मार्क देत बसतात. आणि अर्धं-अर्धं वाटून घेणं दिसायला न्याय्य असलं तरी त्यात जोडीदारासाठी केलेली प्रत्येक गोष्ट लगेच वसूल करायची होऊन बसते. उणे अठरामध्ये तर आधी पोट आणि पायमोजे बघा. निम्मी भांडणं भुकेची आणि गारठ्याची असतात, त्यांचा लग्नाशी काही संबंध नसतो.

"मी विचारते हो, पण तो कधीच विचारत नाही" असं काही जणी म्हणतात. अशा वेळी एकदा स्पष्ट मागून बघा: मला याबद्दल तुला सांगायचंय, दहा मिनिटं ऐकशील? टोमणा मारण्यापेक्षा हे कठीण जातं, पण उत्तर खरं मिळतं.

हे सगळं आवडींच्या फरकापुरतं आहे. तुमच्या आवडीची चारचौघांत टिंगल होत असेल, त्यासाठी पैसे मागायला लागत असतील किंवा एकटं बाहेर जाण्यावर बंदी असेल, तर तो मामला वेगळा. तिथे प्रश्न विचारायचा गृहपाठ पुरणार नाही. जवळच्या समुपदेशकाला भेटा, आणि पहिल्यांदा एकटेच भेटा.