ईएसआयने फिट लिहून दिलं, तरी कंपनीच्या डॉक्टरकडे जावंच लागतं का?

हर्नियाच्या ऑपरेशननंतर ईएसआयने, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याने, फिट लिहून दिलंय, तरी कंपनी स्वतःच्या डॉक्टरकडे पाठवतेय, नकार दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नकार देऊ नका, जा. पण रिपोर्टची प्रत हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.

मी पिंपरी-चिंचवडकडच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, १९ वर्षं काढली. दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. रिपोर्ट मागितला की एकच उत्तर, ‘ऑफिसला जातो.’ २०१३ साली तपासणीनंतर तिसऱ्या दिवशी एचआरने बोलावलं. म्हणाले, अनफिट आहात, राजीनामा द्या, हिशोब चांगला करू. फाइल टेबलावर उघडीच होती. सगळ्या आलेखांत ४००० हर्ट्झपाशी रेघ खाली गेलेली, दरवर्षी आणखी खाली. ती आवाजाने कान गेल्याची खूण असते, हे मला पुढे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे कंपनीला सगळं माहीत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही.

थोरला भाऊ दुसऱ्या कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या कामाला होता. तो म्हणाला, ‘सही कर, डॉक्टरशी कुठे भांडतोस?’ मी केली. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदवलेला होता, डॉक्टरला तो मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवावा लागायचा, त्याची भरपाईही मागता यायची. हे सगळं सहीनंतर कळलं. दादा अजून म्हणतो, हिशोब चांगला मिळाला. कानांचा एक रुपयाही त्यात नव्हता, दादा.

म्हणून सांगतो, नुसतं ‘अनफिट’ मान्य करू नका. कोणत्या कामासाठी अनफिट, किती दिवस, ते लेखी मागा. हर्नियावाल्याने वजन उचलू नये, याचा अर्थ त्याला कुठलंच काम जमत नाही असा होत नाही. लाइट ड्यूटीचा अर्ज द्या, पोच घ्या. राजीनाम्यावर सही मुळीच नको. सततच्या आजारपणावरून काढलं तर जुन्या कायद्यात ती कामगार कपात धरत नसत, त्यामुळे कपातीची भरपाईही मिळत नसे.

मी सांगितलेले कायदे जुने आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा कलमं युनियनच्या वकिलाकडून तपासून घ्या. आणि ईएसआयचं मूळ सर्टिफिकेट आधी झेरॉक्स काढल्याशिवाय गेटवर देऊ नका.