प्रश्न रसिकांचे : आधी चित्र नीट दिसू द्या, मग मत द्या

या वेळच्या पत्रांत दोन प्रकारचे प्रश्न आले आहेत. पाहिलेल्या चित्रपटांबद्दल लिहायचं कसं, हा पहिला. घरच्या पडद्यावर चित्रपट नीट का दिसत नाही आणि ऐकू का येत नाही, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकत्र देत आहोत. टीव्हीने बिघडवलेल्या चित्राचा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारला जातो आणि तसं लिहूनही टाकलं जातं, हे आम्हाला मनापासून खटकतं.

प्रश्न : आठवड्याला तीन-चार चित्रपट पाहून होतात. पंधरा दिवसांनी कुणी विचारलं, तर ‘छान होता’ यापलीकडे काही सांगता येत नाही. टिपणवही कशी ठेवावी?

मत आधी लिहिलं की निरीक्षण मागे पडतं आणि पुढे हाती फक्त मत उरतं. म्हणून क्रम उलटा करा. चित्रपट संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, कुणाचंही परीक्षण न वाचता बसा. वर तारीख, कुठे पाहिला (चित्रपटगृह, टीव्ही, मोबाइल), कोणत्या भाषेत, सबटायटलसह की डब केलेला, एवढं लिहा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण वर्षभराने तोच सर्वांत उपयोगी पडतो.

मग डोळ्यांसमोर राहिलेल्या तीन चौकटी लिहा. त्या वर्णनातच हव्यात. ‘छायाचित्रण अप्रतिम’ या शब्दांतून पुढे काहीही आठवणार नाही. ‘आई चिठ्ठी वाचते तेव्हा कॅमेरा दाराबाहेरच थांबतो, तिचा चेहरा दिसत नाही’ एवढं लिहिलं, तर अख्खा प्रसंग परत उभा राहतो. त्यानंतर लक्षात राहिलेला एक आवाज लिहा, आणि लक्ष उडालं ती जागा, अंदाजे मिनिटासह. शेवटी न उलगडलेला एक प्रश्न. कथासार दोन वाक्यांत संपवा, ते कुठेही मिळतं.

इथे एक सापळा आहे. कोणत्याही अनुभवाची आठवण त्याच्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटावर बेतते, असं मानसशास्त्राचे प्रयोग सांगतात. चित्रपटाच्या बाबतीत हे फारच जाणवतं. शेवट जोरदार असला की मधला रेंगाळलेला तास माफ होतो, आणि शेवट फसला की चांगला मध्य विसरला जातो. यावर उपाय सोपा आहे. टिपणाची सुरुवात मध्यापासून करा आणि शेवटाबद्दल सर्वांत शेवटी लिहा.

चित्रपट थांबवून टिपणं काढू नका, त्याने लय तुटते. फारच वाटलं तर अंधारात एकेक शब्द मोठ्या अक्षरात खरडा, एका पानावर एकच. लागोपाठ दोन चित्रपट पाहणार असाल, तर पहिल्याचं टिपण दुसरा सुरू होण्याआधीच पूर्ण करा. दोघांमधली दृश्यं एकमेकांत मिसळतात आणि ती नंतर वेगळी करता येत नाहीत. तारे किंवा गुण द्यायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी द्या.

प्रश्न : नवा मोठा टीव्ही घेतला. त्यावर प्रत्येक चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. सगळं गुळगुळीत, अभिनयसुद्धा खोटा वाटतो. चित्रपटच तसे येत आहेत का?

चित्रपट ठीक आहेत, टीव्ही त्यांत भर घालतो आहे. बोलपट आल्यावर, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवली जाणारी स्थिर चित्रं) हा वेग रूढ झाला आणि आजही बहुतेक चित्रपट त्याच वेगाने चित्रित होतात. प्रत्येक चौकट साधारण १/४८ सेकंद प्रकाश घेते. त्यामुळे हलत्या वस्तूला जो किंचित पुसटपणा येतो, तो आपण ‘सिनेमा’ म्हणून ओळखतो. तुमचा टीव्ही दोन चौकटींच्या मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसवतो. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या मालिकांची हालचाल तशीच सलग असते, म्हणून साम्य भासतं.

ही सोय सोनीच्या टीव्हीत ‘मोशनफ्लो’, एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’ आणि सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने असते. ती बंद करा. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल (टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या ‘यूएचडी अलायन्स’ या संघटनेने तो २०१९ मध्ये जाहीर केला), तर तोच निवडा. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड घ्या. मग शार्पनेस शून्याजवळ आणा आणि नॉइज रिडक्शन बंद करा, कारण ते फिल्मचे बारीक कण (ग्रेन) खरवडून चेहरे मेणासारखे करतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद ठेवा. कलर टेंपरेचर (पांढऱ्या रंगाची छटा) ‘वॉर्म’ ठेवा. चित्रपटाचे रंग ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा धरून बसवलेले असतात, आणि दुकानात उठून दिसावेत म्हणून टीव्ही मुळात निळसर लावलेले असतात. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळा सरावू द्या, लगेच परत फिरू नका.

बहुतेकांचं इथेच चुकतं. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी आणि एचडीआर, डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधारातलं अंतर जास्त दाखवणारे चित्राचे प्रकार) अशा प्रत्येक प्रकारासाठी वेगळी साठवली जाते. सेट-टॉप बॉक्सवर बदललेली गोष्ट टीव्हीतल्या अ‍ॅपला लागू होत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी चित्रपट चालू करून, तो चालू असतानाच मेनू उघडा.

सगळं बंद केल्यावर कॅमेरा आडवा संथ फिरताना चित्र थोडं अडखळलं, तर घाबरू नका. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने दाखवणाऱ्या पडद्यावर २४ चौकटी समान वाटल्या जात नाहीत. एक चौकट तीनदा दाखवली जाते आणि पुढची दोनदा. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चौकट पाच वेळा बसते, तिथे हा त्रास कमी होतो.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या मारामारीला कानठळ्या. ध्वनिमुद्रणच वाईट असतं का?

क्वचित असतं. बहुतेक वेळा कारण घरातच सापडतं. चित्रपटगृहासाठीचं ध्वनिमिश्रण मोठ्या आवाजाचं गृहीत धरून करतात. तिथे सर्वसाधारण पातळी ८५ डेसिबल धरतात आणि मोठ्या धक्क्यांना त्याहून २० डेसिबल जागा ठेवतात. घरी आपण त्याच्या बरंच खाली ऐकतो, म्हणून पुटपुटलेला संवाद खोलीतल्या पंख्याखाली बुडतो. शिवाय ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि खर्ज आवाजाचा एक वेगळा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांवर सगळं एकत्र दुमडलं की संगीत आणि गोंगाट थेट संवादावर येऊन बसतात. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, ही आणखी एक भर.

दोनच स्पीकर असतील तर अ‍ॅपमध्ये ‘५.१’ ऐवजी ‘स्टिरिओ’ ध्वनी निवडा. मधला स्पीकर वेगळा असेल तर त्याची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. जास्त वाढवलात तर संवाद चित्रापासून तुटून पुढे येतात. रात्री ‘नाइट मोड’ चालेल, पण तो मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर दाबतो. तो लावून पाहिलेल्या चित्रपटाच्या ध्वनीवर मत लिहू नका.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘ऑडिओ डिले’ पाहा. आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच खटकतो, मागे राहिला तर सुमारे १२५ पर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात आवाज दृश्याच्या आधी कधीच येत नाही, म्हणून हा फरक. ब्लूटूथ हेडफोनमध्ये उशीर सहज यापलीकडे जातो. संवादप्रधान चित्रपटाला तारेचे हेडफोन बरे.

प्रश्न : वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. ‘झूम’ केलं तर पडदा भरतो. हरकत आहे का?

आहे. टीव्हीचा पडदा १६:९, म्हणजे १.७८ रुंदीला १ उंची. रुंदपडदा चित्रपट बहुधा २.३९ : १ असतो. तो पूर्ण दाखवायचा तर पडद्याच्या उंचीचा सुमारे चौथा भाग रिकामा राहणारच. झूम केल्यावर पट्ट्या जातात आणि त्यांच्याबरोबर चित्राच्या रुंदीचा चौथा भागही जातो. दोन टोकांना उभी राहून भांडणारी माणसं अर्धी कापली जातात, आणि आपण ‘मांडणी कोंदटलेली आहे’ असं लिहून मोकळे होतो. जुने, जवळजवळ चौकोनी चित्रपट ताणणं तर त्याहून वाईट. माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात.

कधी पट्ट्यांचा आकार चित्रपटातच बदलतो. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) मध्ये वेगवेगळ्या काळांसाठी वेगवेगळे आकार जाणूनबुजून वापरले आहेत. तिथे टीव्हीशी झटापट करू नये. झूम न करताही श्रेयनामावलीची अक्षरं कडेला कापलेली दिसली, तर मात्र टीव्ही कडा खातो आहे किंवा ती प्रतच कापलेली आहे. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ लावून आधी पहिली शक्यता तपासा.

प्रश्न : ‘पटकथा ढिली’, ‘संकलन कमी पडलं’ असं सगळे लिहितात. दोष नेमका कुणाचा हे प्रेक्षकाला कळू शकतं का?

काही प्रमाणात कळतं, पण त्यासाठी खटकलेला प्रसंग पुन्हा पाहावा लागतो. पाच मिनिटांचा तुकडा निवडा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. आवाज बंद असताना कोण कुठे उभं आहे, कोण कुणाकडे पाहतं आहे, सत्ता कुणाच्या हातात आहे, हे उमगलं तर दिग्दर्शनाची मांडणी पक्की आहे. काहीच कळलं नाही आणि फक्त बोलणारी तोंडं दिसली, तर प्रसंग संवादांच्या कुबड्यांवर उभा आहे. नुसतं ऐकताना दोन पात्रं एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगताना आढळली (‘तू माझा सख्खा भाऊ, दहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलास’), तर तो लेखनाचा दोष. पात्राला कळायला मार्ग नसलेली गोष्ट त्याला कळली, नेमक्या वेळी योगायोग धावून आला, तर तोही लेखनाचाच. अभिनेते वेगवेगळ्या चित्रपटांतून आल्यासारखे वाटले, एक दबून आणि दुसरा नाटकी, तर ते दिग्दर्शकाकडे जातं.

छायाचित्रणाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. चित्राचा रंग कॅमेऱ्यात ठरतो तितकाच नंतरच्या ग्रेडिंगमध्येही (संगणकावर रंग बसवताना) ठरतो. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कुठे ठेवला आणि कधी हलला, याबद्दल लिहा. ते खात्रीने सांगता येतं. ध्वनीत नंतर स्टुडिओत बसवलेला संवाद ओळखणं सोपं आहे. मोकळ्या मैदानात आणि बंद खोलीत तोच कोरडा, कानाशी बोलल्यासारखा आवाज असतो.

संकलनावर निवाडा देणं सर्वांत अवघड. काय टाकून दिलं हे आपल्याला दिसत नाही. संकलकाने वाईट चित्रीकरणातून बरा चित्रपट वाचवला असेल, हेही आपल्याला कळत नाही. जे मोजता येतं ते मोजा. दहा मिनिटांतले शॉट (दोन कटांमधले सलग तुकडे) मोजा आणि ६०० सेकंदांना त्या संख्येने भागा. अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांच्या मोजणीनुसार १९३० ते १९६० च्या हॉलिवूडमध्ये सरासरी शॉट ८ ते ११ सेकंदांचा होता, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस तो ३ ते ६ सेकंदांवर आला. म्हणून ‘संथ’ हा शब्द वापरताना कशाच्या तुलनेत, हेही सांगा. लांब शॉट असूनही प्रसंग खिळवून ठेवतो, आणि तीन सेकंदांच्या तुकड्यांनी भरलेला पाठलाग कंटाळा आणतो. प्रसंगाचं काम संपल्यावर तो किती वेळ चालू राहतो, हे घड्याळात पाहा. संकलनाबद्दलचं आमच्या मते सर्वांत भरवशाचं निरीक्षण तेच.

प्रश्न : जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु का धावतात?

ते कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून, बहुधा सेकंदाला १६ ते २० चौकटींनी, चित्रित झाले आणि पुढे २४ च्या वेगाने दाखवले गेले. १६ चं २४ झालं की हालचाल दीडपट होते. प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, म्हणजे तो साधारण १८ चौकटींवर येतो. संगीतही संथ होईल, ते बंद ठेवा. आधी चालणाऱ्या माणसांकडे पाहून खात्री करा, कारण नीट पुनरुज्जीवित केलेल्या प्रतींत वेग आधीच दुरुस्त असतो. विनोदी मूकपटांत मुद्दामच घाई ठेवलेली असे, तीही पुसू नका.

प्रश्न : परभाषेतला चित्रपट सबटायटलने पाहावा की डब केलेला?

अभिनयावर लिहायचं असेल तर सबटायटल, कारण डब केलेल्या प्रतीत अर्धा अभिनय दुसऱ्याचा असतो. नजर सतत तळाशी अडकत असेल तर अक्षरं मोठी करा आणि मागे गडद पट्टी लावा. पडदाभर माणसं आणि खच्चून संवाद असलेले प्रसंग दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून पाहा. मुलांबरोबर पाहताना किंवा वाचण्याचा त्रास असेल तर डब केलेला निवडण्यात काही कमीपणा नाही, फक्त टिपणात तशी नोंद हवी.

प्रश्न : दोन वर्षांनी तोच चित्रपट पाहिला आणि आवडेनासा झाला. जुनं टिपण खोडू का?

मुळीच खोडू नका. त्याच्या खाली नवी तारीख घालून दुसरं लिहा. आधी दोन्ही वेळची पहिली ओळ पडताळा : पडदा, भाषा, प्रत. पहिल्यांदा चित्रपटगृहात आणि दुसऱ्यांदा मोबाइलवर पाहिला असेल, तर बदल तिथेच शोधा. ते सारखं असेल तर जुन्या टिपणातल्या तीन चौकटी काढा आणि त्या आता कशा वाटल्या ते एकेक करून लिहा. अनेकदा त्यातली एखादी चौकट चित्रपटात नसतेच, ती आपणच रचलेली असते. तीही तशीच राहू द्या आणि बाजूला ‘चित्रपटात नाही’ एवढं लिहा.