फ्लॉपीचं बटण आणि ‘जतन’

प्रश्न असा आला आहे: एका मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, स्प्रेडशीटच्या (हिशेबाचे तक्ते करायच्या प्रोग्रॅमच्या) बटणांवरची जुनाट चित्रं बदलायची आहेत, सोबत मराठी शब्दही ठरवायचे आहेत. ‘आयकॉन’ला चिन्ह म्हणावं, प्रतीक म्हणावं की चित्रखूण? आणि जतन करायच्या बटणावर फ्लॉपीचं, म्हणजे पूर्वी काम साठवायची जी चौकोनी डिस्क असे तिचं, चित्र असतं म्हणून लोक त्याला सर्रास ‘फ्लॉपीचं बटण’ म्हणतात, ते मराठीत ठेवावं का?

माझं मत चित्रखूण या शब्दाला. ‘प्रतीक’ म्हटलं की मागे काही भावना येते. चरखा प्रतीक होतो, बटणावरची कात्री नाही. ‘चिन्ह’ शब्द चांगला, पण स्प्रेडशीटमध्ये तो आधीच कामाला लागलेला आहे. अधिक, उणे, टक्के, 2010 साली आलेलं ₹, ही सगळी चिन्हंच. ‘इथे चिन्ह निवडा’ असं लिहिलं तर हिशेब करणारा माणूस ₹ शोधायला जाईल. खूण मात्र नेमकी. शिंपी कापडावर खडूनं करतो ती. कुठे काय करायचं ते सांगते. बोलताना कुणी आयकॉन म्हणालं तर तेही मराठीच समजावं.

चित्राला चित्रखूण, आणि दाबायचं ते बटण. आमच्या सोलापुरात बटणाला जुना शब्द गुंडी. कानडीत गुंडी, तेलुगूतही गुंडी, त्यामुळे इथे तिन्ही भाषांच्या घरांत तो कळतो. मला फार आवडतो. पण गुंडी सदऱ्याची, ती दाबत नाहीत. आणि गणवेशाच्या कारखान्यांत आता ‘काज-बटण’च म्हणतात. सदऱ्याचं बटण आपण लावतो-काढतो, दिव्याचं दाबतो. अर्थ क्रियापदानं सांभाळलेला आहे, नवा शब्द घडवायची गरज नाही.

आता फ्लॉपी. ओळखीच्या एका गणवेश कारखान्यात एक मुलगी दिवसभर शीटमध्ये मापं भरते: छाती, उंची, बाही, नग. त्या निळ्या चौकोनावर बोट ठेवून मी विचारलं, हे चित्र कशाचं? ती म्हणाली, “कपाट असंल की ओ. दाबलं की राहतंय बघा.” फ्लॉपी तिनं कधी हातात घेतलेली नाही. तरी ‘राहतंय’ हा अर्थ तिला पोचला होता, आणि तिचं क्रियापद मला आपल्या सगळ्या परिभाषेपेक्षा जिवंत वाटलं.

भाषेत हे नेहमीच होत आलं आहे. तेल मुळात तिळाचं, पण करडईच्या तेलाला कुणी हरकत घेत नाही. शाई फारसी ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणा, तरी लाल शाई चालते. आणि खुद्द ‘जतन’ आला संस्कृत ‘यत्न’वरून. मूळ वस्तू विसरली गेली एवढ्यानं खूण बाद होत नाही. म्हणून बोलण्यात ‘फ्लॉपीचं बटण’ राहू द्या. पडद्यावर आणि मदतीच्या मजकुरात मात्र ‘जतन करा’च लिहा, कारण उद्या चित्र बदललं तर ‘फ्लॉपीचं बटण दाबा’ ही सूचना आंधळी होईल.

खरी जुनाट चित्रं वेगळीच. पूर्वीच्या बटणांच्या पट्टीवरची कितीतरी चित्रं 16×16 ठिपक्यांत बसवलेली असत, म्हणजे सारी मिळून 256 घरं. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर घर भरत काढतात, तसंच. आजच्या दाट पडद्यावर ती ताणली की कडा फुटतात, नाही ताणली तर दिसत नाहीत. ती ठिपक्यांऐवजी रेषांनी काढावीत, म्हणजे कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहतात. कात्री आणि फ्लॉपी तीच ठेवा, फक्त नीट दिसू द्या.

एक चित्र मात्र बदलाच: क्रम लावण्याचं. त्यावर ‘ए’ आणि ‘झेड’ असतात. आपण ‘अ ते ज्ञ’ म्हणतो, मग बटणावर अ आणि ज्ञ हवेत. मी चौकटीच्या कागदावर काढून पाहिलं. 16 घरांत दोन अक्षरं आणि बाण बसवायला गेलं की ‘ज्ञ’चा नुसता गोळा होतो. म्हणून रेषांनी काढली तरी या एका खुणेसाठी 32 घरांची जागा आत्ताच धरून ठेवा.