इटलीत हाताने घडवलेला सोन्या-हिऱ्यांचा नेकलेस घ्यावा का? १८ कॅरेट असूनही इतका महाग का असतो?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, दोघं ऑक्टोबरात इटलीला जाताय आणि तिथून हाताने घडवलेला हिऱ्यांचा नेकलेस आणायचं मनात आहे. पण आपल्या २२ कॅरेटपेक्षा हलक्या सोन्याला जास्त पैसे का मोजायचे, हे घरच्यांच्या गळी उतरत नाही.

हिशोबाने घरचे बरोबर आहेत. ३० ग्रॅमच्या १८ कॅरेट दागिन्यात शुद्ध सोनं साडेबावीस ग्रॅम, तेवढ्याच वजनाच्या २२ कॅरेटमध्ये साडेसत्तावीस. उद्या मोडायला गेलात तर सराफ सोन्याचा भाव धरेल, घडणावळीचा एक रुपया परत मिळणार नाही. तेव्हा अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून घेत असाल तर गुरुपुष्याला एक वेढणं घ्या आणि विषय मिटवा. नेकलेस घालण्यासाठीच घ्यायचा असेल, तर पुढचं वाचा.

माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ पेठेत, कारागीर होते. मी मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात, दागिन्यांच्या एका युनिटमध्ये क्वालिटी चेकिंगला आहे. म्हणजे दिवसभर काम एकच, दहापट भिंग डोळ्याला लावून दागिना उलटा करायचा. कामानिमित्त तीन-चारदा इटलीला जाणं झालं, तिथल्या कारखान्यांत बसून मालही तपासला. त्यामुळे माझं सगळं उत्तर दागिन्याच्या मागच्या बाजूनेच येणार, हे आधीच सांगते.

आधी १८ कॅरेटचं. तो कंजूषपणा नाही. हिरा नखांनी किंवा बारीक दाण्यांनी धरून ठेवायचा असतो. २२ कॅरेट मऊ, त्याची नखं रोजच्या वापरात झिजतात, वाकतात. एक नख साडीत अडकून उघडलं की हिरा गेलाच समजा. चांदी-तांब्याची भर घालून ७५० टंचाला (हजारात ७५० भाग शुद्ध, म्हणजेच १८ कॅरेट) आणलेलं सोनं घट्ट धरतं. आपल्याकडेही हिऱ्याचं काम बहुतेक १४ आणि १८ मध्येच होतं. ते २२ मध्ये करून मागणाऱ्या मावश्या मला दर दिवाळीत भेटतात, ती गोष्ट वेगळी.

आता मागची बाजू. आपल्या जुन्या जडावात खडा कोंदणात बसवतात, खाली चमकता वर्ख घालतात आणि मागून बंद करतात. वरून आलेला उजेड वर्खावरून परत येतो. इटालियन कारागीर उलट करतो, हिऱ्याच्या मागचं सोनं कोरून काढून टाकतो. त्याला ते ‘अ जोर्नो’ म्हणतात, म्हणजे दिवसाच्या उजेडाला मोकळं. तिकडच्या वालेंत्सा गावात मी एक नेकलेस उलटा केला आणि पुढची बाजू बघायचं विसरूनच गेले. प्रत्येक हिऱ्याखाली मधमाशीच्या पोळ्यासारखं षटकोनी भोक, केसाएवढ्या करवतीने कापलेलं, आत पॉलिश केलेलं. हे भोक कातडीला लागतं, जगाला दिसत नाही. तिथला तरुण कारागीर दोऱ्याला पॉलिशची पेस्ट लावून तो दोरा एकेका भोकातून ओढत होता. नेकलेसला तीनशेच्या वर भोकं असतील. तुमचे जास्तीचे पैसे जातात ते या दोऱ्यात.

हेच वालेंत्सा गाव तुम्ही लक्षात ठेवा. पिएमोंतेत, अलेस्सांद्रिया जिल्ह्यात, पो नदीकाठी. हिरे जडवण्यात इटलीत त्याचा हात कोणी धरणार नाही. दामियानी हे घराणं तिथलंच, १९२४ पासूनचं. आणि बुल्गारीने २०१७ मध्ये आपला मोठा कारखाना तिथेच उघडला. व्हिचेंझा आणि आरेत्सो ही गावं सोन्याची, विशेषतः साखळ्यांची. आरेत्सोत उनोआएर्रे हा कारखाना १९२६ मध्ये सुरू झाला आणि त्याने दागिना घडवणं यंत्रावर नेलं. व्हिचेंझाचं प्रदर्शन प्रसिद्ध आहे, पण ते व्यापाऱ्यांपुरतं असतं, गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत.

तुम्ही बहुतेक फ्लोरेन्सच्या पोन्ते वेक्योवर जाल, सगळेच जातात. १५९३ मध्ये फेर्दिनांदो मेदिचीने त्या पुलावरून खाटकांना हटवलं आणि सोनारांना बसवलं, त्याच्या वरच्या दालनातून जाता-येता वास नको म्हणून. पूल बघाच, पण तिथे टांगलेला प्रत्येक दागिना तिथेच घडलेला असतो असं नाही. हे ओळखायची सोपी खूण आहे. इटालियन सोन्याच्या दागिन्यावर, बहुधा फाशाजवळ (दागिना अडकवायच्या कडीजवळ), दोन शिक्के असतात. एकात ७५०. दुसऱ्यात चांदणी, एक आकडा आणि जिल्ह्याची दोन अक्षरं. आरेत्सोचा ‘एआर’, व्हिचेंझाचा ‘व्हीआय’, फ्लोरेन्सचा ‘एफआय’, वालेंत्साचा माल अलेस्सांद्रियाच्या ‘एएल’ने. चांदणी आणि आकडा म्हणजे त्या उत्पादकाची सरकारदरबारी नोंद. दुकानदार ‘आमच्याच वर्कशॉपमध्ये केलंय’ म्हणत असेल आणि शिक्का शंभर किलोमीटर लांबच्या जिल्ह्याचा असेल, तर हसून पुढच्या दुकानात जावं.

आता ‘हाताने घडवलेला’ या शब्दाबद्दल. इटलीतही पुष्कळ नेकलेसचं अंग आज संगणकावर काढतात, मेणाचा नमुना छापतात आणि त्यावरून सोनं ओततात. मग घासणं, जोडणं, हिरे बसवणं हाताने. हे खोटं नाही, पण पत्रा आणि तारेपासून केलेल्या कामाची किंमत त्याला देऊ नये. दुकानात सरळ विचारा, अंग ओतलंय का पत्र्यातून कापलंय? खरा कारागीर या प्रश्नावर खूश होतो आणि मग त्याला थांबवणं कठीण जातं.

हाताचं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर मिलानमध्ये बुच्चेल्लातीच्या खिडकीसमोर उभे राहा (घ्या म्हणत नाही, माझीही ऐपत नाही). मारियो बुच्चेल्लातीने १९१९ मध्ये सुरू केलेलं हे घराणं सोन्यावर कापड विणल्यासारखं खोदकाम करतं. ‘रिगातो’मध्ये एकमेकींना चिकटून समांतर रेघा, त्यामुळे सोनं रेशमासारखं झळकतं. ‘तेलातो’मध्ये उभ्याआडव्या, ते तागाच्या कापडासारखं दिसतं. ‘सेग्रिनातो’त सगळ्या दिशांनी, त्याला मखमलीचा मऊपणा येतो. हत्यार एकच, ‘बुलीनो’, म्हणजे आपली खोदकामाची सळई. भिंगातून पाहिलं तर रेघा अगदी सारख्या नसतात, एखादी किंचित खोल, एखादी जरा आधी संपलेली. लेझरने काढलेल्या रेघा मात्र शाळेतल्या दुरेघी वहीसारख्या असतात.

वडिलांना मी मोबाइलवर हे फोटो दाखवले होते. त्यांनी खोदकामाकडे फारसं पाहिलं नाही. पण रोममधल्या कास्तेल्लानींच्या दागिन्यांवर थबकले. एकोणिसाव्या शतकात या घराण्याने थडग्यांत सापडलेले एत्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या लोकांचे) दागिने बघून सोन्याचे धुळीएवढे रवे पृष्ठभागावर चिकटवायची जुनी रीत पुन्हा जमवायचा ध्यास घेतला. ते दागिने रोमच्या व्हिल्ला जूलिया संग्रहालयात आहेत, एक दुपार काढाच. वडील म्हणाले, ‘डाख दिसत नाहीये गं कुठं.’ डाख म्हणजे सोनं जोडल्याची खूण. गुजरीत याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

आणि हिरे? त्यांना इटालियन समजू नका. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून बाहेर जातात, तुमच्या नेकलेसमधलेही बारीक हिरे तिकडून फिरून आलेले असण्याची शक्यता दांडगी. म्हणून नुसत्या हिऱ्यांसाठी इटलीपर्यंत जाऊ नका. मोठा खडा असेल तर त्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. बारकांचं एकूण कॅरेट वजन, रंग आणि शुद्धता पावतीवर लिहून घ्या.

आता माझी फजिती. धंद्यात असूनही मी एकदा मुंबईतल्या एका दुकानात ‘इटालियन’ म्हणून जाडजूड चेन घेतली. आपल्याकडे ‘इटालियन चेन’ म्हणजे बरेचदा इटालियन यंत्रावर झालेली चेन, ती इथेही होते. माझी तर पोकळ निघाली. सहा महिन्यांत भाचीने ओढली आणि दोन कड्या कागदासारख्या चेपल्या. दुरुस्तीला नेली तर कारागीर म्हणाला, ताई, ज्योत लावली की पत्रा वितळेल. अजून डब्यात आहे. नेकलेस हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला तर ‘आतून भरीव का?’ हे विचारायला लाजू नका.

तुमचा घ्यायचा ठरला तर चार गोष्टी दुकानातच करा. नेकलेस टेबलावर टाकून एका टोकाने उचला, तो साखळीसारखा सरसर यायला हवा, कुठे अडकला तर सांधे नीट नाहीत. मागून बोट फिरवा, खरखरता कामा नये. फासा दहा वेळा उघडझाप करा. काकूंना घालून बसायला सांगा, मान वळवायला सांगा; उभ्याने आरशात सगळेच छान दिसतात.

तिथल्या किमतीत २२ टक्के व्हॅट धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना तो बऱ्यापैकी परत मिळतो, मधल्या कंपनीची फी वजा होऊन. खरेदीच्या वेळी पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्री फॉर्म घ्या आणि युरोप सोडताना विमानतळावर त्यावर मंजुरी घ्या. कस्टमवाले वस्तू बघायला मागू शकतात, म्हणून नेकलेस चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुंबईत उतरल्यावर ड्यूटीचा प्रश्न येतो. निघण्यापूर्वी कस्टम्सच्या साइटवर सोन्याच्या दागिन्यांचा चालू नियम वाचून ठेवा आणि लागत असेल तर लाल चॅनेलमधून जाऊन भरून टाका. पावतीवर ग्रॅममध्ये वजन आणि ७५० लिहिलेलं असू द्या. आपला बीआयएसचा हॉलमार्कचा शिक्का आणि एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा सहा अक्षरी क्रमांक, त्यावर नसणार, त्यामुळे पुढे कधी इथल्या सराफाकडे नेलात तर तो आधी कॅरेटमीटरवर, म्हणजे शुद्धता मोजायच्या यंत्रावर, ठेवेल. ठेवू दे.