गार पंजा

पत्र आहे भांडुपहून. लांब आहे, म्हणून मोजकंच देते.

"ताई, वन रूम किचनमध्ये आम्ही तिघं राहतो. मी, नवरा, सासूबाई. चौथा आमचा सहा वर्षांचा बोका बंड्या. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी सासूबाईंची पूजा चालू होती. बंड्या नैवेद्याच्या दुधासाठी देव्हाऱ्याच्या फळीवर चढला. त्यांनी हातातलं ओलं फडकं त्याच्यावर हाणलं. त्याने खाली उडी मारली आणि असा किंचाळला की शेजारचे धावत आले. उजवा मागचा पाय फरफटत तो कॉटखाली शिरला. मी ओढून बाहेर काढला, पंजा अगदी गार पडला होता. टॅक्सी करून परळला नेला. एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं नाही. मग छातीची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, तीन दिवस ॲडमिट. सगळा खर्च माझ्या पगारातून गेला. आता तो घरी आहे, पाय थोडाथोडा टेकतो. रक्त पातळ करायची चतकोर गोळी रोज द्यावी लागते, ती देताना तोंडाला फेस येतो, मला ओरबाडतो. सासूबाईंना मी त्याला हात लावू देत नाही. ऑफिसला जाताना त्याला पिंजऱ्यात ठेवून कुलूप लावते, किल्ली माझ्या पर्समध्ये असते. त्या ना नाकारतात, ना माफी मागतात. नैवेद्याला दूध ठेवणं तेवढं बंद केलंय. नवरा म्हणतो, सोडून दे. मी का सोडू? त्यांच्याकडून चूक कबूल कशी करून घेऊ?"

अगं, पंजा गार पडला होता.

तू हे एका वाक्याच्या शेपटाला लिहिलंस आणि लगेच टॅक्सीत बसलीस. पुढचं सगळं पत्र सासूबाईंचं आहे. मी मात्र त्या पंजापाशीच थांबले, कारण तुझ्या सगळ्या भांडणाचं उत्तर तिथे आहे.

मार लागलेला पाय गार पडत नाही. तुझा स्वतःचा घोटा कधी मुरगळला असेल तर आठव. सुजतो, लाल होतो, हात लावला तर कढत लागतो. बोक्याचंही तसंच. पाय एकदम गार पडतो तो त्यात रक्त जायचं थांबलं की. पंजाच्या गाद्या गुलाबी असतात, त्या पांढुरक्या किंवा निळसर होतात. जांघेत नाडी लागत नाही. नख खोलवर कापलं तरी रक्त येत नाही. आणि दुखणं इतकं भयंकर असतं की मांजर किंचाळतं. शेजारी धावत आले, म्हणतेस ना? फडक्याच्या माराने कुठलाही बोका तसं ओरडत नाही.

आता सोनोग्राफीकडे ये. तिची आठवण तुला पैशांपुरती राहिली. पायाला फडकं लागलेल्या बोक्याच्या छातीची सोनोग्राफी डॉक्टर कशाला करतील? रक्त पातळ करायची गोळी कशाला देतील? ती गोळी तू रोज स्वतःच्या हाताने चतकोर करतेस आणि तरी हा प्रश्न तुला पडला नाही, याचा मला खरोखर राग आला. तुला दोषी हवं होतं. घरात एक माणूस आयतं मिळालं.

बंड्याला जे झालं ते मांजरांमध्ये चांगलंच ओळखीचं आहे. हृदयाचा स्नायू हळूहळू जाड होत जातो. डावा वरचा कप्पा फुगतो, रक्त तिथे रेंगाळतं आणि त्याची गुठळी बनते. एक दिवस ती सुटते, महाधमनीतून खाली येते आणि मागच्या पायांकडे जिथे फाटे फुटतात तिथे अडकते. दोन्ही फाट्यांवर बसली तर खोगिरासारखी बसते आणि दोन्ही पाय जातात. बंड्याचा एकच गेला. यात सगळ्यात फसवी गोष्ट ही की तोपर्यंत मांजर खातं, खेळतं, फळ्यांवर उड्या मारतं. हृदय बिघडलंय हे घरच्यांना कळतं ते बहुतेक वेळा याच सकाळी. ती गुठळी देव्हाऱ्याखाली तयार झाली नाही. बंड्या फळीवर चढला तेव्हाही ती त्याच्या छातीत होती, आदल्या रात्री तुझ्या पायांपाशी झोपला असेल तेव्हाही कदाचित होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि कावळा ठरल्या तुझ्या सासूबाई.

मी एवढ्या ठामपणे लिहितेय त्याला कारण आहे. गिरगावात आमच्या चाळीत चिंगी नावाची मांजर होती. एका दुपारी ती जिन्यात किंचाळून पडली, मागचे दोन्ही पाय लुळे. खाली चौकात मुलं क्रिकेट खेळत होती. माझ्या वडिलांनी तळमजल्यावरच्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा कान धरला आणि चेंडू मारलास म्हणून सगळ्या चाळीदेखत त्याला दोन थोबाडीत दिल्या. तो रडत सांगत होता, मी नाही मारला. चिंगी रात्री गेली. पुढे कितीतरी वर्षांनी दुसऱ्या एका मांजराला दाखवायला गेले असताना बोलता बोलता हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाय गार होते का?" होते. आईने ते तिच्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून ठेवले होते. तोवर त्या मुलाच्या घरच्यांनी खोली विकून विरारकडे बिऱ्हाड हलवलं होतं. त्याचं नाव मला पाठ आहे, पत्ता नाही.

तुझी माणसं अजून तुझ्याच खोलीत आहेत.

सासूबाई गप्प का आहेत, असं तुला वाटतं? तू त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ 'अहंकार' असा लावलास. मला दिसतेय ती रोजच्या नैवेद्याचं दूध बंद करणारी बाई. तो परत फळीवर चढू नये, परत आपला हात उठू नये, म्हणून देवाच्या पुढ्यातलं दूध काढून टाकलंय त्यांनी. अगं, त्यांनी कबूल केलंय. तुझ्यासमोर केलं नाही, एवढंच. आणि जे केलंच नाही ते कबूल करून बसल्यात. तीन आठवडे एक म्हातारी बाई, आपण मुक्या जिवाचा पाय मोडला असं मनात धरून, दिवसभर त्याच खोलीत त्या कुलूपबंद पिंजऱ्यासमोर बसते आहे. नाकारतील कशाच्या जोरावर? त्यांना कोणी सांगितलंय का सोनोग्राफीत काय निघालं? तुझ्या नवऱ्याला माहीत असावं असा मला दाट संशय आहे. 'सोडून दे' म्हणण्यापेक्षा त्याने ते एक वाक्य सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा करायचं ते असं. डिस्चार्जची फाईल काढ. त्यात इंग्रजीत लिहिलेलं असेल, काही कळलं नाही तर उद्या डॉक्टरांना फोन करून मराठीत समजून घे. मग संध्याकाळी सासूबाईंच्या शेजारी बस आणि ते सगळं त्यांना वाचून दाखव. गुठळी म्हण, हृदय म्हण, आणि शेवटी स्वच्छ शब्दांत म्हण की आई, तुमच्या फडक्याने काही झालेलं नाही, मी उगाच तुम्हाला धरलं. फडकं मारणं बरोबर होतं का, हा विषय त्या दिवशी काढू नकोस. नवऱ्याच्या तोंडून निरोप पाठवू नकोस. तूच वाच.

आणि हे पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. तुला घाबरवायचं नाही, पण खरं ते सांगायला हवं. एका पायावर निभावलेल्या मांजरांना दोन्ही पाय गेलेल्यांपेक्षा बरी आशा असते, पाय आठवड्या-आठवड्याने सुधारतोही. हृदय मात्र तेच राहतं. २०१५ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, त्यात अशा आजारातून वाचलेली ७५ मांजरं होती. ॲस्पिरिनवर असलेल्यांना पुन्हा गुठळी होईपर्यंतचा काळ मधल्या आकड्याने १९२ दिवस होता, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या दुसऱ्या गोळीवर ४४३. तुझी चतकोर गोळी बहुधा हीच, माणसांच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग. चांगली गोळी आहे, तरी हे आकडे दिवसांचे आहेत. उद्या बंड्याला पुन्हा झटका आला आणि तो गेला, तर सासूबाई त्याचं मरण जन्मभर स्वतःच्या माथी घेतील. त्यानंतर तू कितीही फायली वाचल्यास तरी त्यांना ती तुझी समजूत काढण्याची भाषा वाटेल.

दुसरी गोष्ट बंड्याच्या सोयीची. तू अकरा-बारा तास बाहेर असतेस. अशा हृदयाच्या मांजरावर लक्ष ठेवायचं असतं ते त्याच्या झोपेतल्या श्वासावर. छाती वर आली आणि खाली गेली की एक. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत असलं की ठीक. त्यापेक्षा वाढत चाललं, किंवा तो तोंड उघडून धापा टाकायला लागला, तर वाट न बघता दवाखाना. हे मोजायला दुपारी घरात कोण असतं? पूजा करणाऱ्या बाईला मोजायला शिकवावं लागत नाही, जप करत असतील तर हातात माळही असेल. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटभर मोजायचं आणि कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचा. तुझ्या घरात या कामाला एकच माणूस आहे आणि तूच त्याला कुलपाबाहेर ठेवलंयस.

त्यांना आणखी दोन गोष्टी सांग, कारण प्रेमाने केलेल्या चुकाही महागात पडतात. पाय गार लागला तरी गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. बधिर पायाला चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. आणि त्याला दुखतंय असं वाटलं तरी घरातली क्रोसिन द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, माणसाच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. चालताना पंजा उलटा पडत असेल तर वरच्या बाजूला घासून जखम होते, ती रोज बघायची.

गोळी कडू असते म्हणून फेस येतो, तुझ्यावरचा राग नव्हे तो. केमिस्टकडे रिकाम्या कॅप्सूल मिळतात का विचार, चतकोर तुकडा त्यात घालून दे, वरून थोडं ओलं खाणं. दोघींनी मिळून दिलीत तर ओरबाडेही कमी निघतील. एकीने टॉवेलात धरायचं, दुसरीने तोंड उघडायचं.

रात्रीअपरात्री काही झालं तर कुठे जायचं हे आजच ठरवून फ्रीजवर लिहून ठेव. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तुला ठाऊकच असेल. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ साली सुरू झालं, तिथे चोवीस तास इमर्जन्सी असते. भांडुपहून रात्री टॅक्सी मिळायला वेळ जातो, म्हणून त्याची टोपली आणि फाईल दाराशी तयार असू दे. फोन नंबर मोठ्या अक्षरात, मराठीत लिही, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

पिंजरा काही दिवस लागेल, उड्या मारायला नकोतच. कुलूप काढ. आज ऑफिसातून आलीस की पर्समधली किल्ली बाहेर काढ, हातपाय धू, आणि फाईल घेऊन त्यांच्याजवळ बस.