जलाशयांत परके सूक्ष्म प्राणी पक्षीच पसरवतात ना? मग जाळी, होड्या वाळवून काय उपयोग?

‘पक्ष्यांमुळे’ हे उत्तर ऐकलं की माझं डोकं तापतं. बदकं लाखो वर्षं या पाण्यातून त्या पाण्यात उतरताहेत. मग बायथोट्रेफीस हा युरोप-आशियातला काटेरी शेपटीचा पाणपिसू उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत १९८०च्या दशकातच कसा उगवला? जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला जहाजाच्या पोटात भरलेल्या पाण्यातून. पुढे तो मासेमारीच्या दोऱ्यांवरून आतल्या तळ्यांत गेला; शेपट्या दोऱ्यात अडकतात आणि ओल्या कापसासारखे पुंजके लटकतात.

मी नवीन असताना आमचे सर एकाच दिवशी दोन जलाशयांतून प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचे, नमुने घ्यायला लावायचे, तेही एकाच जाळीनं. मधे फक्त बादलीत खळबळायची. मी म्हटलं, दोन जाळ्या ठेवूया. “तू जाळ्या धूत बस, बदकं थांबणार आहेत का?” सगळे हसले.

मग मी ती जाळी सहा आठवडे कपाटात ठेवली. कोरडी ठणठणीत. नंतर जाळीच्या टोकाला नमुना गोळा करणारी बाटली असते, तिच्याजवळची शिवण उसवली. कापडाच्या दोन पदरांत चिकटलेले काळपट ठिपके होते, मिलिमीटरभरही नसतील. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर अगदी खोगिरासारखे. डॅफ्निया या पाणपिसवाच्या सुप्त अंड्यांच्या डब्या! एकेका डबीत दोन अंडी. सात डब्या पाण्यात घालून दिव्याखाली ठेवल्या. नवव्या दिवशी सकाळी बशीत एक पिल्लू झटके देत पोहत होतं, काळ्या टिंबाएवढा एकुलता डोळा घेऊन. सरांना ओढत आणलं. म्हणाले, “एकच तर आहे!”

अहो, एकच पुरतं! डॅफ्नियाच्या मादीला नर लागतोच असं नाही. पाणी मानवलं की ती एकटीच माद्यांवर माद्या काढत सुटते.

आता तुमचा प्रश्न. वाळवण्याचा उपयोग आहे, पण सगळ्यांवर नाही. झेब्रा शिंपला हा असाच पसरणारा परका शिंपला; त्याच्या अळ्या नुसत्या नजरेला दिसत नाहीत, पण सुकल्या की मेल्या. बायथोट्रेफीसच्या सुप्त अंड्यांनाही सुकणं आणि कढत पाणी सोसत नाही. डॅफ्नियाची डबी मात्र कोरडी पडून राहते आणि नंतर फुटते. म्हणून शिवणी, दोरांचे पीळ, होडीच्या तळाचं पाणी हे सगळं जोराच्या धारेनं धुवा, आणि परवडत असेल तर प्रत्येक जलाशयाला वेगळी जाळी ठेवा. मत्स्यबीज सोडताना पिशवीतलं पाणी जलाशयात ओतणाऱ्यांना तर मी काही बोलतच नाही.

हां, प्रामाणिकपणे सांगायचं तर पक्षीही नेतात. बदकाच्या आतड्यातून ही अंडी जिवंत बाहेर पडतात. आणि माझं ते पिल्लू परकं नव्हतं, त्याच पाण्यातल्या नेहमीच्या जातीचं होतं. सरांनी तेवढंच धरून ठेवलं. उसवलेली शिवण त्यांनी परत घालून घेतली आणि पुढच्या आठवड्यात तीच जाळी दोन्हीकडे टाकली.